एचआयव्ही, ताण आणि विसरभोळेपणा: ‘एफकेबीपी५’ तपासून घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४८, एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधं) ११ वर्षांपासून चालू, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) सतत ‘न सापडणारा’, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची संख्या) सहाशेच्या वर. तरीही वर्षभरात नावं आठवेनाशी झाली आहेत, वाचलेलं पान पुन्हा वाचावं लागतं, हिशेब करताना मधेच धागा तुटतो. वाचनात असं आलं की एचआयव्ही असलेल्यांच्या मेंदूत ताणाशी संबंधित ‘एफकेबीपी५’ नावाचं प्रथिन वाढतं आणि बुद्धी मंदावते. ते रक्तात तपासता येईल का, वाढलेलं निघालं तर औषध आहे का, आणि नुसत्या ताणाने मेंदू झिजतो का?

आधी सरळ उत्तर: ही तपासणी करू नका. प्रथिन खरं आहे, त्याचा ताणाशी संबंध खरा आहे, एचआयव्हीशीही आहे. पण रक्ताच्या रिपोर्टवरच्या आकड्यातून तुमच्या मेंदूबद्दल काहीही ठरवता येत नाही, आणि तो आकडा खाली आणणारं माणसांसाठीचं औषध आज नाही. मात्र हे प्रथिन ज्या रिसेप्टरवर (पेशीतल्या, हार्मोनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनावर) बसतं, त्या रिसेप्टरला धक्का देणाऱ्या बऱ्याच गोष्टी तुमच्या औषधांच्या पिशवीत, झोपेत आणि मनःस्थितीत असू शकतात. त्या शोधता येतात आणि बदलता येतात. म्हणून तपासण्यांची यादी करण्याआधी औषधांची यादी करा.

आता हे प्रथिन करतं काय ते नीट पाहू, कारण गोंधळ तिथेच होतो.

ताण आला की मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. ते पेशीत शिरून ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टर केंद्रकात जातो आणि शेकडो जनुकं चालू-बंद करतो. मोकळा असताना हा रिसेप्टर एकटा नसतो. एचएसपी९० नावाचं सांभाळणारं प्रथिन त्याला घडी घालून धरून ठेवतं, आणि त्या जोडीला तिसरा गडी म्हणून एफकेबीपी५१ चिकटलेलं असतं. (जनुकाचं नाव एफकेबीपी५, प्रथिनाचं एफकेबीपी५१. लेखांमध्ये ही दोन नावं सर्रास मिसळलेली दिसतात.) एफकेबीपी५१ चिकटलेलं असेपर्यंत रिसेप्टरची कॉर्टिसॉल पकडण्याची ताकद कमी राहते. कॉर्टिसॉल आलंच, तर एफकेबीपी५१ सुटतं, त्याच्या जागी त्याचं भावंड एफकेबीपी५२ येतं आणि रिसेप्टरला केंद्रकाकडे ओढत नेतं. केंद्रकात पोचलेला रिसेप्टर जी जनुकं चालू करतो, त्यांतलं एक एफकेबीपी५ हेच असतं. म्हणजे कॉर्टिसॉल स्वतःचाच ब्रेक तयार करून घेतं. हा ब्रेक काही तासांत लागतो आणि निरोगी माणसात तो हवाच.

दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडांच्या रक्तात कॉर्टिसॉल माणसाच्या मानाने कितीतरी जास्त असतं, पण त्यांना कुशिंग्ज (कॉर्टिसॉल फार वाढल्याने होणारा आजार) होत नाही. कारण शोधताना पेशींमध्ये एफकेबीपी५१ भरपूर असल्याचं आढळलं. रिसेप्टरच बहिरा झालेला, म्हणून आवाज कितीही वाढवला तरी फरक पडत नाही. हे प्रथिन समजावून सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

अडचण होते ती ब्रेक सतत दाबलेला राहिला की. मेंदूतल्या रिसेप्टरना कॉर्टिसॉल ऐकू आलं नाही, तर ‘पुरे झालं’ हा निरोप वरपर्यंत जात नाही आणि ग्रंथी कॉर्टिसॉल सोडत राहतात. आठवणी साठवणारा हिप्पोकॅम्पस आणि नियोजन करणारा कपाळामागचा भाग यांच्यात हे रिसेप्टर दाट असतात, त्यामुळे फटका तिथे बसतो. शब्दांची यादी लक्षात ठेवणं, एका कामातून दुसऱ्या कामात जाणं, मधेच आलेला व्यत्यय झटकून मूळ मुद्द्यावर परतणं, ही त्याच भागांची कामं आहेत. तुमच्या तक्रारींची यादी याच्याशी जुळते हे खरं. पण ती नैराश्याशी, अपुऱ्या झोपेशी आणि थायरॉइडशीही तितकीच जुळते.

एचआयव्ही यात कुठे येतो? विषाणू मेंदूत फार लवकर पोचतो. संसर्गानंतर ८ दिवसांतसुद्धा तो मेंदूभोवतालच्या पाण्यात सापडला आहे. तो चेतापेशींत शिरत नाही. रक्तवाहिन्यांलगतच्या मॅक्रोफेजमध्ये आणि मायक्रोग्लियात, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींत, राहतो. चेतापेशी मरतात किंवा त्यांचे जोड सुटतात ते आसपासच्या धुमसणाऱ्या सुजेमुळे आणि जीपी१२०, टॅट यांसारख्या विषाणूच्या प्रथिनांमुळे. एआरटीने विषाणूची नवी पैदास थांबते, पण धुमसणं पूर्ण विझत नाही. सुजेतून सुटणारे टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१ हे निरोपे ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला आणखी बहिरा करतात. दुसरीकडे विषाणूचंच व्हीपीआर नावाचं प्रथिन याच रिसेप्टरला उलट जास्त उत्तेजित करतं. एकच रिसेप्टर, दोन विरुद्ध ओढी. म्हणूनच ‘एचआयव्हीमध्ये कॉर्टिसॉल वाढतं’ किंवा ‘कमी होतं’ अशी एका वाक्यातली विधानं फसतात. अनेक अभ्यासांत दिसतं ते असं की एकूण पातळीपेक्षा दिवसभराचा उतार बिघडलेला असतो: सकाळी जितकं चढायला हवं तितकं चढत नाही, रात्री जितकं उतरायला हवं तितकं उतरत नाही.

मृत्यूनंतर तपासलेल्या, एचआयव्ही असलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात एफकेबीपी५१ वाढलेलं आढळलं आहे. तुम्ही वाचलंत ते बहुधा याच धाटणीच्या निष्कर्षांबद्दल. पण असा निष्कर्ष वाचताना माणूस कसा गेला हे विचारायला हवं. अखेरच्या आजारात कॉर्टिसॉल शिखरावर असतं, शिवाय अनेकांना स्टिरॉइड दिलेली असतात, आणि एफकेबीपी५ हे जनुक तर कॉर्टिसॉलच्या हाकेला काही तासांत ओ देणारं. म्हणजे ऊतीत मोजलेली वाढ अनेक वर्षांच्या ताणाची असू शकते किंवा शेवटच्या दोन दिवसांची. मृत्यू ते नमुना यांतले तास, ऊतीची आम्लता आणि आरएनए (चालू जनुकाची नक्कल) किती शाबूत आहे हे तिन्ही जुळवून घेतल्याशिवाय दोन गटांची तुलना अर्धवटच राहते.

वयाचा मुद्दा वेगळा. एफकेबीपी५१ वयानुसार मेंदूत वाढतं, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की ते एचएसपी९०च्या जोडीने टाऊ प्रथिनाला (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) सफाईपासून वाचवतं, त्यामुळे विषारी टाऊ साचतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कामात असं दिसलं की या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार असलेल्यांना लहानपणी अत्याचार सोसावे लागले असतील, तर जनुकावरच्या काही रासायनिक खुणा पुसल्या जातात आणि पुढे आयुष्यभर ते जास्त जोमाने चालू होतं. हे ऐकून पुष्कळजण जनुकतपासणी मागतात. उपचार बदलेल असं त्यातून काही मिळत नाही.

एफकेबीपी५ला इतकी प्रसिद्धी मिळाली की बाकीची ताण-प्रथिनं झाकोळली. त्यातली दोन मला जास्त महत्त्वाची वाटतात.

एक बीडीएनएफ, म्हणजे चेतापेशींचं खत म्हणा. ते आधी ‘प्रो’ रूपात तयार होतं, मग कापलं जाऊन पक्कं होतं. पक्कं रूप टीआरके-बी रिसेप्टरला चिकटून जोड मजबूत करतं. न कापलेलं प्रो रूप पी७५ रिसेप्टरला चिकटून जोड छाटतं. एकाच प्रथिनाची दोन रूपं उलट कामं करतात. जीपी१२० ही कापणीच अडवतं, आणि एचआयव्ही डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्यांच्या मेंदूत प्रो रूपाचं प्रमाण वाढलेलं आढळलं आहे. यातून तपासणीची एक मोठी चूक लगेच लक्षात येते: बाजारातले बरेच एलायझा किट (प्रथिन मोजण्याचे संच) दोन्ही रूपं एकत्र मोजतात. खत आणि तणनाशक एकाच तराजूत घालून ‘एकूण इतकं भरलं’ म्हणण्यासारखं ते आहे.

दुसरं हीम ऑक्सिजनेज-१. पेशीवर ऑक्सिडेशनचा ताण आला की ते बचावाला येतं. एचआयव्ही असलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ते कमी झालेलं दिसतं, आणि संसर्ग झालेल्या मॅक्रोफेजमध्ये ते घटलं की त्या पेशी जास्त ग्लुटामेट सोडतात, जे चेतापेशींना जाळतं. पेशीच्या आतल्या प्रथिन-घडणीच्या कारखान्यावर ताण आल्याच्या खुणा, उदाहरणार्थ बीआयपी हे प्रथिन, अशा मेंदूंत वाढलेल्या दिसल्या आहेत. हा ‘ताण’ मनाचा नाही, पेशीचा आहे. बातम्यांत हे दोन ताण एकच समजून लिहिलं जातं आणि मग वाचणाऱ्याला वाटतं, की चिंता केली म्हणून प्रथिन वाढलं.

रक्तात मोजायचंच म्हटलं तर काय बिघडतं तेही सांगतो, म्हणजे एखाद्या पॅकेजच्या जाहिरातीला भुलायला नको. एफकेबीपी५ रक्तात मोजतात ते पांढऱ्या पेशींतल्या आरएनएच्या रूपात. सकाळी ८ ला आणि दुपारी ४ ला तो आकडा वेगळा येतो. आदल्या दिवशी स्टिरॉइडचा एक डोस गेला तरी तो उडी मारतो. आणि पांढऱ्या पेशींत लिम्फोसाइट किती, न्यूट्रोफिल किती, यावरही तो हलतो. एचआयव्हीत हे प्रमाण बऱ्याचदा बदललेलं असतं. म्हणून संशोधनात नुसता आकडा न घेता आव्हान-चाचणी करतात: संध्याकाळी ६ वाजता डेक्सामेथासोन (एक स्टिरॉइड) १.५ मिलिग्रॅम तोंडाने, त्याआधी एक आणि ३ तासांनी दुसरा नमुना, आणि दोन्हींतला फरक. हे प्रयोगशाळेचं काम आहे. घरी करण्याचं नाही. तुमच्या एआरटीत रिल्पिविरिन असेल तर डेक्सामेथासोनशी त्याचं जुळत नाही हेही लक्षात असू द्या.

बीडीएनएफची तऱ्हा आणखी वेगळी. रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेटमध्ये भरलेलं असतं आणि रक्त गोठताना बाहेर पडतं. त्यामुळे सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवात) आकडा प्लाझ्माच्या (न गोठवलेल्या रक्तातल्या द्रवाच्या) कित्येक पट येतो. नळी २० मिनिटं ठेवली की ६० मिनिटं, यावरही तो बदलतो. प्लेटलेट कमी असतील तर मेंदू ठणठणीत असूनही तो कमी दिसेल. कॉर्टिसॉलचं लाळेवरचं मोजमाप त्यातल्या त्यात बरं, पण शिस्त हवी: जाग येताक्षणी, त्यानंतर ३० मिनिटांनी, दुपारी आणि झोपण्याआधी असे चार नमुने, आधी अर्धा तास खाणं, चहा-कॉफी, दात घासणं, सिगारेट काही नाही. हिरड्यांतून रक्त येत असेल तर नमुना बाद. जाग आल्यानंतरचं शिखर अर्ध्या तासाच्या आसपास येतं, त्यामुळे पहिला नमुना अंथरुणात लोळून १५ मिनिटं उशिरा घेतला की सगळा आलेखच सपाट दिसतो आणि ‘उतार बिघडला’ असा खोटा निष्कर्ष निघतो. केसांतलं कॉर्टिसॉल काही महिन्यांची सरासरी देतं, दर सेंटिमीटरला साधारण एक महिना; पण केस रंगवले असतील किंवा टाळूला स्टिरॉइडचं लोशन लागत असेल तर तेही फसतं.

आता प्रत्यक्ष काय करायचं.

पहिला प्रश्न: बुद्धीत खरोखर घसरण आहे का? तक्रार आणि कामगिरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘माझी स्मरणशक्ती गेली’ ही तक्रार चाचणीतल्या गुणांपेक्षा नैराश्याशी जास्त जुळते, हे एचआयव्हीत वारंवार दिसलं आहे. उलटंही होतं: ज्यांची बुद्धी खरंच मंदावते, त्यांतल्या काहींना त्याची जाणीवच नसते, तक्रार घरचे करतात. म्हणून बरोबर घरातलं कुणीतरी आणा.

दवाखान्यात दोन-तीन मिनिटांत होणारी चाळणी म्हणजे इंटरनॅशनल एचआयव्ही डिमेन्शिया स्केल. ती अशी. चार शब्द एकेक सेकंदाने सांगायचे: कुत्रा, टोपी, घेवडा, लाल. रुग्णाने ते लगेच म्हणून दाखवायचे. चुकले तर पुन्हा सांगायचे. मग ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या हाताचा अंगठा आणि तर्जनी जितकी रुंद आणि जितकी भरभर उघड-मीट करता येईल तितकी ५ सेकंद करायची: १५ वेळा जमलं तर ४ गुण, ११ ते १४ ला ३, ७ ते १० ला २, ३ ते ६ ला १. त्यानंतर त्याच हाताने टेबलावर मूठ, मग पालथा पंजा, मग करंगळीच्या कडेवर उभा हात, हा क्रम १० सेकंदांत जितक्या वेळा बिनचूक होईल तितके गुण, जास्तीत जास्त ४. शेवटी ते चार शब्द: आपणहून आठवला तर १, ‘एक प्राणी होता’ अशी खूण दिल्यावर आठवला तर अर्धा. एकूण १२. दहा किंवा त्याखाली आले तर पुढची तपासणी.

समजा बोटं १२ वेळा हलली म्हणजे ३, हाताचा क्रम तीनदा जमला म्हणजे ३, तीन शब्द आपणहून आणि एक खुणेने म्हणजे ३.५. बेरीज ९.५. चाळणीत अडकला. पण घाबरू नका, कारण ही चाळणी बारीक जाळीची आहे: मूळ अभ्यासात तिने खरे आजारी सुमारे ८० टक्के पकडले, पण निरोगींपैकी जेमतेम निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनाच ‘ठीक’ म्हटलं. बोटाला संधिवात असेल, हाताला मुंग्या असतील तरी गुण जातात. करणाऱ्याकडूनही चुका होतात: घड्याळ न लावता ‘अंदाजे’ ५ सेकंद मोजणं, आणि हाताचा क्रम आधी दाखवून रुग्णाकडून दोनदा सराव करून न घेणं.

अडकलात तर मानसशास्त्रज्ञाकडून सविस्तर चाचणी घ्या. तिच्यात कमीत कमी पाच क्षेत्रं यायला हवीत: लक्ष, वेग, शिकणं-आठवणं, नियोजन, भाषा, हाताचं कौशल्य यांतली. गुणांची तुलना तुमच्याच वयाच्या, शिक्षणाच्या आणि भाषेच्या लोकांशी झाली पाहिजे; नाहीतर कमी शिकलेला माणूस फुकट आजारी ठरतो. एचआयव्हीतला बुद्धीचा बिघाड ठरवण्याच्या २००७ च्या फ्रास्काटी निकषांनुसार दोन क्षेत्रांत सरासरीपेक्षा एक प्रमाण-विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप) खाली असेल तर ‘बिघाड’ म्हणतात. मुळात कुठल्याही एका चाचणीत १०० निरोगी माणसांपैकी साधारण १६ जण या रेषेच्या खालीच असतात, आणि चाचण्या वाढवल्या की दोनमध्ये खाली येण्याची शक्यताही वाढते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चार्टर अभ्यासात १५५५ जणांमध्ये लक्षणं नसलेला बिघाड ३३ टक्के, सौम्य १२ टक्के आणि डिमेन्शिया २ टक्के निघाला. ‘एचआयव्ही असलेल्या निम्म्यांचा मेंदू बिघडतो’ हे वाक्य तिथून आलं. त्यातला मोठा वाटा त्या ३३ टक्क्यांचा आहे, ज्यांना रोजच्या जगण्यात काही जाणवतच नव्हतं. २०२३ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नुसत्या कमी गुणांना आजार म्हणू नये, आणि एचआयव्हीमुळे झालेली इजा व इतर कारणांनी झालेली इजा वेगळी धरावी असं सुचवलं. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

दुसरा प्रश्न: किती वेगाने? वर्षभरात हळूहळू हे एक, आणि दोन-चार आठवड्यांत झपाट्याने हे दुसरं. दुसऱ्या प्रकारात, किंवा डोकेदुखी, ताप, झटका, एका बाजूची कमजोरी, चालताना तोल जाणं असं काही सोबत असेल, तर ताण-प्रथिनांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एमआरआय आणि पाठीतलं पाणी (मेंदू-मणक्याभोवतालचा द्रव, सीएसएफ) काढणं लागेल. पाण्याची तपासणी करताना व्हायरल लोड रक्तात आणि पाण्यात एकाच दिवशी मोजून घ्यावा. रक्तात दबलेला विषाणू पाण्यात मात्र सापडतो असं क्वचित घडतं. त्याला ‘सीएसएफ एस्केप’ म्हणतात आणि तिथे एआरटी बदलल्याने माणूस खरंच सुधारतो. पाण्यातल्या विषाणूवर औषध-प्रतिरोधाची तपासणी मागायला विसरू नका.

हळूहळूच्या प्रकारात औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा. गोळ्या, स्प्रे, मलम, डोळ्यांचे थेंब, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, सगळं. एआरटीत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल, तर ती औषधं यकृतातलं सीवायपी३ए४ हे विकर अडवतात, आणि बरीच स्टिरॉइड याच विकराने मोडतात. दम्यासाठीचं फ्लुटिकासोन, अगदी नाकातल्या स्प्रेमधलंसुद्धा, अंगात साचत जातं. गुडघ्यात घेतलेलं ट्रायअॅमसिनोलोनचं एक इंजेक्शन कित्येक आठवडे ॲड्रिनल ग्रंथींना झोपवू शकतं. चेहरा गोल होतो, पोट सुटतं, दंड-मांड्या बारीक होतात, झोप उडते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही. मग सकाळी ८ चं कॉर्टिसॉल मोजतात आणि ते ३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटरच्याही खाली येतं. अंगावर कॉर्टिसॉल जास्त असल्याच्या सगळ्या खुणा आणि रिपोर्टमध्ये ते जवळपास शून्य: ही विसंगती दिसली की बाहेरचं स्टिरॉइडच शोधायचं, कारण मशीन शरीराचं कॉर्टिसॉल मोजतं, फ्लुटिकासोन नाही. (प्रेडनिसोलोन मात्र अनेक मशीनना कॉर्टिसॉलसारखंच दिसतं, त्यामुळे ते चालू असताना आकडा खोटा चढतो. एस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही एकूण कॉर्टिसॉल वाढलेलं दिसतं.) अशा वेळी स्प्रे एकदम बंद करू नका, झोपलेली ग्रंथी अचानक जागी होत नाही, रक्तदाब कोसळू शकतो. बेक्लोमेथासोनसारख्या तुलनेने सुरक्षित औषधावर जाणं किंवा एआरटीतला तो घटक बदलणं डॉक्टरांच्या देखरेखीत व्हावं. ताणाच्या रिसेप्टरवर थेट आणि मोजता येण्याजोगा परिणाम करणारी, आणि पूर्ण बरी होऊ शकणारी, ही सगळ्यात ठळक गोष्ट. तरी ती तपासली जात नाही, कारण नाकातल्या स्प्रेला कुणी ‘औषध’ समजतच नाही.

त्याच पिशवीत आणखी काय बघायचं: इफाविरेन्झ, ज्याने झोपेत भयाण स्वप्नं पडतात, चक्कर येते, मन खचतं, आणि काही जणांच्या शरीरात ते जनुकीय कारणाने हळू मोडतं म्हणून त्यांना त्रास जास्त; डोलुटेग्राविर, ज्याने काहींची झोप उडते, त्यांनी ते सकाळी घेऊन पाहावं; मुंग्यांसाठीचं अमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या जुन्या गोळ्या आणि लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या, कारण या तिन्ही स्मरणशक्तीला लागणारं ॲसिटिलकोलिन अडवतात; आणि झोपेच्या गोळ्या.

रक्ततपासण्या साध्याच: टीएसएच (थायरॉइडसाठी), बी१२ (मेटफॉर्मिन घेत असाल तर नक्की), साखर, हिमोग्लोबिन, यकृत-मूत्रपिंड, सिफिलिस, हिपॅटायटिस सी. रक्तदाब मोजा. घोरणं आणि दिवसा डुलक्या असतील तर झोपेची चाचणी, कारण झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाचं कॉर्टिसॉल आणि स्मरणशक्ती दोन्ही बिघडतात.

मनाची तपासणी टाळू नका. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत २७ पैकी १० किंवा जास्त आले तर नैराश्याचा नीट तपास व्हावा. एचआयव्ही असलेल्यांत नैराश्य इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर एकूण बेरीज किती हे न बघता त्याच दिवशी बोला. ताण मोजायला पीएसएस-१० ही दहा प्रश्नांची, ४० गुणांची मोजपट्टी आहे. तिच्यातले ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे मोजायचे असतात, आणि ते विसरलं की मोजमाप चुकतं. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांमध्ये ताण जास्त असताना शब्द आठवण्याची कामगिरी घसरते आणि त्या वेळी कपाळामागच्या भागाचं काम वेगळं दिसतं, हे अभ्यासांत आलं आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: ताणाने कामगिरी घसरते, आणि पुष्कळदा ताण उतरला की ती सुधारते. ‘झिजतो’ हा शब्द त्यासाठी फार जड आहे.

नैराश्याचं औषध लागलं तर सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांच्यासारखी औषधं एआरटीसोबत सहसा चालतात. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जाणारं सेंट जॉन्स वॉर्ट मात्र अजिबात नको. ते एआरटीची पातळी पाडतं. डोलुटेग्राविरसोबत लोह, कॅल्शियम किंवा अँटासिड असेल तर डोलुटेग्राविर त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायचं. निद्रानाशावर गोळीपेक्षा झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत आधी. व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतका.

हायड्रोकॉर्टिसोनबद्दल कुणीतरी नक्की सांगेल. एचआयव्ही असलेल्यांवरच्या लहान अभ्यासांत १० मिलिग्रॅमच्या एकाच डोसनंतर शब्द शिकण्याची क्षमता थोड्या काळापुरती वाढलेली दिसली. यावरून रिसेप्टर अजून हलवता येतो एवढंच कळतं. रोज घेण्याचा उपचार म्हणून ते वापरू नका. एफकेबीपी५१ अडवणारी सॅफिट नावाची रसायनं उंदरांत वापरली आहेत, माणसांसाठी ती औषधं नाहीत. बीडीएनएफची गोळी अस्तित्वात नाही, लेबलवर काहीही लिहिलेलं असो. आणि विषाणू दबलेला असताना ‘मेंदूत जास्त शिरणारी’ आणखी एआरटी वरून जोडावी, हा विचारही तपासून झाला आहे: डोलुटेग्राविर आणि मॅराविरॉक वाढवून पाहिले, बुद्धीच्या चाचण्यांत फायदा झाला नाही.

तुमच्या बाबतीत हिशेब असा बसतो. पहिल्या भेटीत औषधांची पिशवी, चाळणी, पीएचक्यू-९ आणि रक्ततपासण्या. जे सापडेल ते दुरुस्त करून तीन महिने थांबा. मग सविस्तर चाचणी, आणि तिची पुनरावृत्ती सहा महिन्यांच्या आत नको, कारण दुसऱ्यांदा माणूस सरावाने चांगला करतो आणि खरी घसरण झाकली जाते. शब्दांची यादीही दर वेळी बदललेली असावी. दुसऱ्या चाचणीत दोन क्षेत्रांत स्पष्ट घसरण दिसली आणि व्हायरल लोड अजूनही दबलेलाच असला, तर पाठीतलं पाणी काढायची वेळ तेव्हा आली असं समजा.